सुट्टीतली गोधडी

“तुमचं बरं असतं हो बाई! चांगली दीड महिना सुट्टी!”

मे महिना लागला की हे वाक्य मला निदान दहा जणींकडून ऐकावं लागतं. भाजीच्या गाडीपाशी, पिठाच्या गिरणीत, एस. टी. च्या थांब्यावर. पूर्वी मी हिरिरीने उत्तर द्यायची. आता नुसती हसते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या कुणी शिक्षिका असतील त्यांना हे हसू चांगलंच ठाऊक असेल!

आमच्या शिरूरला जुनी माणसं अजून ‘घोडनदी’च म्हणतात. नदीकाठचं गाव, पण मेच्या अखेरीस ऊन असं तापतं की अकरा वाजल्यानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. त्यामुळे सगळी कामं पहाटेच उरकायची. यंदा कुरडयांचा घाट घातला तो रोहिणी नक्षत्र लागायच्या बेताला, म्हणजे तसा उशिराच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला सासूबाई आणि मी चुलीपाशी. चीक हाटायला मी, हिंग-मिठाचा अंदाज त्यांचा. सूर्य वर येईपर्यंत गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या. त्यानंतर सांडगे झाले, लोणच्याच्या कैऱ्या झाल्या, वर्षाचे गहू ऊन देऊन डब्यात भरून झाले. आमच्या ‘ह्यां’ची रांजणगावच्या एम. आय. डी. सी. त पाळ्यांची नोकरी. त्यांचा डबा कधी पहाटे, कधी दुपारी. दोन्ही मुलं दिवसभर घरात. आता सांगा, सुट्टी नेमकी कुणाची?

त्यातून मी तासिका तत्त्वावरची शिक्षिका. जितके तास शिकवीन तितक्यांचे पैसे. शाळा बंद, तास बंद, पैसे बंद. आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, हे मेमध्ये कुणीच सांगत नाही. गेली तीन वर्षं मी सुट्टीचे शेवटचे पंधरा दिवस फोनकडे एक डोळा ठेवून काढते. पापड लाटताना फोन वाजला की पीठ भरल्या हातानेच उचलते.

माझ्या आईचा छंद

यंदा फेब्रुवारीत आठवीच्या मुलींना मी निबंध घातला होता, ‘माझ्या आईचा छंद’. चाळीसेक वह्या घरी आणून रात्री तपासायला बसले. निम्म्याहून अधिक मुलींनी ‘माझ्या आईला स्वयंपाकाचा छंद आहे’ असं लिहिलं होतं. सात-आठ जणींनी ‘आईला छंद नाही, कारण तिला वेळ नसतो’ असं सरळ लिहून टाकलं होतं. एकीने लिहिलं होतं की आईला दुपारी झोपायला आवडतं, पण ती झोपत नाही. मी त्या वहीवर लाल पेन टेकवलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून बसले. काय दुरुस्त करणार?

शेजारी माझी लेक अभ्यास करत होती. सातवीत आहे. सहज विचारलं, “तू काय लिहिलं असतंस गं?”

ती म्हणाली, “तू आधी गोधड्या शिवायचीस. आता ऑर्डरी घेतेस.”

खरंच होतं तिचं. गोधडी हा माझा लग्नाआधीपासूनचा छंद. माझं माहेर दौंडचं. आईच्या हाताखाली मी दहाव्या वर्षी धावदोरा शिकले. सासरी आले तेव्हाही दुपारच्या वेळी जुन्या साड्या जोडत बसायची. कुणासाठी म्हणून नाही, आवडतं म्हणून. गेल्या वर्षी मेमध्ये पैशांची ओढाताण झाली, तेव्हा ओळखीच्या एकीने पुण्याहून चार गोधड्यांचं काम आणून दिलं. मीही हावरटासारख्या चारही घेतल्या. सहा हजार रुपये मिळणार होते, आणि त्यात मुलांची दप्तरं, वह्या, गणवेश सगळं बसत होतं.

तीन गोधड्या चांगल्या झाल्या. चौथीसाठी समोरच्या बाईंनी नायलॉनच्या साड्या पाठवल्या होत्या. नायलॉन सुईखाली सरकतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. घाईघाईत मी थर नीट ताणून न घेताच टाके घालत गेले आणि मधोमध हा एवढा मोठा झोळ आला. गोधडी परत आली. पंधराशे रुपये गेले ते गेलेच, पण त्या दिवसानंतर मी माझी सुई हातात धरली नाही. आणि या सगळ्या गडबडीत आईची गोधडी राहून गेली ती राहूनच गेली.

ही गोधडी म्हणजे माझ्या आजीच्या नऊवारी लुगड्यांची. आजी गेली तेव्हा आईने चार सुती लुगडी बाजूला काढून ठेवली होती. ‘सुट्टीत तू आलीस की घालू’ असं ती दर मेमध्ये म्हणायची, आणि दर मेमध्ये मी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणायची. यंदा एप्रिलमध्ये फोनवर आई म्हणाली, “आता सुईत दोरा ओवत नाही गं मला.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!

न्हावरा, केडगाव, चौफुला

लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधला त्या संध्याकाळी मी सासूबाईंना भीतभीतच विचारलं, “आठ दिवस दौंडला जाऊन येऊ का? आईची गोधडी...” मला वाटलं, आता ‘घराचं काय’ म्हणून विचारतील. पण त्या म्हणाल्या, “गोधडीला चार बाजू असतात. चौथी बाई कुठून आणणार? मी पण येते.”

आम्ही सगळेच थक्क! अखेर सासूबाई, मी, लेक आणि धाकटा असे चौघे निघालो. मागे राहिले ‘हे’. त्यांना पिठलं-भात येतो आणि तेवढाच येतो.

शिरूरहून दौंडला जायचं तर न्हावऱ्यावरून केडगाव, पुढे चौफुल्याला गाडी बदलायची. भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. केडगाव आलं तशी मी लेकीला पंडिता रमाबाईंची ‘मुक्ती’ इथे आहे असं सांगितलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार बायका-मुलींना आणून केडगावी आसरा दिला. शेती, विणकाम, शिवणकाम शिकवलं. छापखानासुद्धा चालवला आणि त्यात काम करणाऱ्या बायकाच! ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या त्याही केडगावलाच. हातातलं कसब बाईला भाकरी मिळवून देतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. ऑर्डरी घेतल्या म्हणून माझं काही चुकलं असं मी अजूनही म्हणणार नाही.

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “त्या बायका कधी स्वतःच्या आवडीचं काही शिवत असतील का गं?”

मला उत्तर देता आलं नाही.

दादांची वही

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. सोलापूरकडची लाइन आणि मनमाडची लाइन इथे भेटतात. माझे वडील रेल्वेतूनच निवृत्त झाले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा छंद ऐकाल तर हसाल. रोज दुपारी तीन ते पाच ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या वहीत टिपून ठेवतात. कुठली गाडी, किती वाजता, किती उशिरा. अशा वह्यांची चळत झाली आहे.

धाकट्याला तर आजोबांच्या रूपाने खजिनाच सापडला. मनमाडची लाइन १८७८ सालची. पुण्याहून आलेल्या गाडीला तिकडे जायचं तर दौंडला इंजीन काढून दुसऱ्या टोकाला लावायला लागायचं. त्यामुळे पुण्याहून तोंड पुढे करून बसलेला माणूस दौंडनंतर उलटा प्रवास करायचा! आता कॉर्ड लाइन झाल्यामुळे काही गाड्या वळसा न घालता परस्पर जातात. बारामतीची छोटी गाडी २००३ मध्ये मोठी झाली. हे सगळं धाकट्याने दोन दिवसांत पाठ केलं.

पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. तीन वाजले की आई दादांना चहा नेऊन द्यायची आणि पाचपर्यंत त्यांना कुणी हाक मारायचं नाही. दळण आणा, भाजी आणा, कुणी काही नाही. वहीचा कुणाला काडीचा उपयोग नाही, पण तिची वेळ कुणी मोडत नाही. आणि आईची लुगडी? ती इतकी वर्षं ट्रंकेत. तेव्हा माझ्या मनात आलं, पुरुषाचा छंद घर सांभाळतं, बाईने मात्र छंद घर सांभाळून करायचा. दादांवर माझा राग नाही. त्यांनी आईला कधी ‘नको शिवू’ म्हटलं नाही. पण ‘शीव, मी चहा करतो’ असंही कधी म्हटलं नाही.

त्या दिवशी मी धीर करून म्हटलं, “दादा, उद्यापासून तीन ते पाच आमचीपण वेळ. चहा तुम्ही आणि नातवाने करायचा.” दादांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, “साखर कुठे असते ते दाखवून ठेव.”

चार बाजूंना चार जणी

आता तुमच्यासाठी थोडं गोधडीचं. साड्या सुतीच घ्याव्यात. आधी गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढावी, नाहीतर सुई अडते. विरलेली साडी आतल्या थरात घालावी, धडकी साडी वर-खाली. थर जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं. आम्ही पाटा, वरवंटा आणि दादांच्या वह्यांचे दोन गठ्ठे ठेवले! आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावेत. मी गेल्या वर्षी चुकले ती इथेच. मग काठापासून सुरुवात करून धावदोऱ्याने फेरे घेत घेत मध्याकडे जायचं. आणि हे काम मृगाच्या आत उरकावं. पावसाळ्यात गोधडी दमट राहिली की कुबट वास लागतो, तो सहजी जात नाही.

चार बाजूंना चार जणी बसलो. आई, सासूबाई, मी आणि लेक. आईला दोरा ओवता येत नव्हता, म्हणून लेकीने एकदम दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या. टाका मात्र आई बोटाने चाचपून घालायची आणि तो माझ्यापेक्षा सरळ यायचा. दोघी विहिणी, एरवी लग्नकार्यात ‘या, बसा’ पलीकडे न बोलणाऱ्या, पण दुसऱ्या दिवशी बाळंतपणाच्या गोष्टींपर्यंत पोचल्या. सासूबाईंना लग्नाआधी भरतकामाची आवड होती, हे मला चौदा वर्षांनी दौंडला कळलं! “मग सोडलंत का?” असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “सोडलं नाही गं. राहून गेलं.”

सहा दिवसांत गोधडी मधोमध वीतभर सोडून पूर्ण झाली. सातव्या दिवशी मी सुई घेतली तर आईने हात धरला. “एवढं राहू दे,” ती म्हणाली. “डोळ्यांचं झालं की मी घालीन.” ऑपरेशनला ती दोन वर्षं ‘बघू’ म्हणत होती. त्या संध्याकाळी तिने स्वतःच दादांना तारीख घ्यायला सांगितलं.

परत आलो तेव्हा ह्यांनी पिठल्याच्या जोडीला बटाट्याची भाजीही शिकून ठेवली होती. दोन दिवसांनी वळवाचा पाऊस पडला. आता आमच्या घरी दुपारी तीन ते चार ही माझी वेळ ठरली आहे. सासूबाईंनी बाजारातून भरतकामाची कडी आणली आहे. पहिल्या दिवशी धाकट्याने तीनदा हाका मारल्या, दुसऱ्या दिवशी एकदा. ऑर्डर आली तर घेईन, पण एका वेळी एकच, आणि या तासाबाहेर.

हे लिहिते आहे तेव्हा मृग लागून गेला आहे आणि शाळा उघडायला जेमतेम आठवडा आहे. फोन अजून आलेला नाही. आला तर पुन्हा धावपळ सुरू होईल, आणि न आला तर काय करायचं ते ठरवावं लागेल. दोन्हीची काळजी आहेच. पण फोन तीन ते चारच्या मध्ये वाजला, तर तो लेक उचलणार आहे. “आई शिवते आहे, चारनंतर करा,” हे वाक्य तिने पाठ करून ठेवलं आहे.