नावांची यादी करताना: फॉर्म्युला कुठे कामाला येतो, कुठे फसतो

१ जानेवारीचे कोरेगाव भीमा असो, १४ एप्रिलची जयंती असो किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे शिबिर, पुण्यातल्या आपल्या वस्त्यांमधले काम शेवटी एका यादीपाशी येते. कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी वडिलांचे नाव गाळतो, कुणी दोनदा स्पेस देतो. अशी यादी हाताने दुरुस्त करताना रात्र जाते आणि चूक राहतेच. अर्जावरचे नाव आधार आणि गुणपत्रिकेशी जुळले नाही, तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अडकू शकते. म्हणून हे काम नीट शिकून घेऊ.

खालचे फॉर्म्युले वाचण्यासाठी देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये अक्षरे आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा.

आधी तपासा

पूर्ण नाव ए कॉलममध्ये, कागदपत्रावर आहे तसेच ठेवा. नावात किती शब्द आहेत ते जी२ मध्ये मोजा:

=लेन(ट्रिम(ए२))-लेन(सब्स्टिट्यूट(ए२," ",""))+१

उत्तर ३ आले तर पुढे जा. २ किंवा ४ आलेली नावे वेगळ्या शीटवर घ्या आणि त्या व्यक्तीला विचारूनच भरा.

नाव तोडणे

गूगल शीट्समध्ये बी२ मध्ये लिहा: =स्प्लिट(ट्रिम(ए२)," ")

'भीमराव रामजी आंबेडकर' हे नाव बी, सी, डी अशा तीन कॉलममध्ये पडते. एक्सेलमध्ये डेटा मेनूत 'टेक्स्ट टु कॉलम्स' आहे. तिथे डेस्टिनेशनमध्ये बी२ लिहायला विसरू नका, नाहीतर तुकडे मूळ नावावरच बसतात.

पण मधले नाव कुणाचे, हे फॉर्म्युल्याला कळत नाही. 'रमाबाई भीमराव आंबेडकर' यात ते पतीचे आहे. शिवाय राज्य शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावाचा क्रम बालक, आई, वडील, आडनाव असा आहे. त्या क्रमाने बाबासाहेबांचे नाव 'भीमराव भीमाबाई रामजी आंबेडकर' असे लिहावे लागले असते. तीन कॉलमची सवय असलेल्या यादीत इथे वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाते. बालवाडी-अंगणवाडीच्या याद्या करणाऱ्यांनी आईच्या नावाचा कॉलम आत्ताच वाढवावा.

नाव जोडणे

=टेक्स्टजॉइन(" ",ट्रू,बी२:डी२)

यात रिकामा रकाना आपोआप सोडला जातो, जास्तीची स्पेस येत नाही. आडनाव आधी हवे असेल तर: =डी२&" "&बी२&" "&सी२

नाव आखूड करणे

ओळखपत्रावर जागा कमी असते. नावे इंग्रजीत असतील तर हे पुरते:

=लेफ्ट(बी२,१)&". "&लेफ्ट(सी२,१)&". "&डी२

उत्तर 'बी. आर. आंबेडकर'. हाच फॉर्म्युला देवनागरी यादीवर चालवा, 'भ. र. आंबेडकर' येईल. कारण संगणक काना-मात्रा-वेलांटी वेगळे चिन्ह म्हणून मोजतो. आपल्याला हवे असते 'भी. रा. आंबेडकर'. मग १ ऐवजी २ लिहावे? 'भीमराव'चे 'भी' बरोबर येते, पण 'यशोधरा'चे 'यश' होते. 'प्रज्ञा'मधल्या 'प्र'ला ३ चिन्हे लागतात आणि 'ज्योतिराव'मधल्या 'ज्यो'ला ४. सगळ्या नावांना एकच आकडा बसत नाही.

सोपा उपाय असा. ई आणि एफ कॉलममध्ये आद्याक्षरे हाताने लिहा आणि जोडणी फॉर्म्युल्यावर सोडा: =ई२&". "&एफ२&". "&डी२. यादी नावानुसार लावून घेतली की सारखी नावे एकत्र येतात आणि आद्याक्षर खाली ओढून भरता येते.

मूळ नावाला हात नको

आपल्या आजोबा-पणजोबांची नावे गावाने मोडून-तोडून हाकारली. पुढच्या पिढ्यांनी सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, यशोधरा ही नावे विचार करून ठेवली. ती आपल्याच यादीत बिघडू नयेत. म्हणून ए कॉलम कधीही पुसू नका, आणि यादी छापण्याआधी ज्याचे नाव आहे त्याला एकदा दाखवा.