‘वाढवर्धक’ ही संज्ञा आणि मांसल गुरांचा अखेरचा खुराक

एखादी संज्ञा वस्तूचे स्वरूप सांगते की तिचा हेतू सांगते, हा प्रश्न परिभाषेच्या अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवा. ‘हळद’ हे द्रव्याचे नाव होय. ‘मसाला’ आणि ‘औषध’ ही हेतूची नावे होत. तीच हळद आमटीत मसाला ठरते आणि जखमेवर औषध. पशुखाद्यशास्त्रातील ‘वाढवर्धक’ ही संज्ञा या दुसऱ्या प्रकारची आहे. ती द्रव्याचे नाव मानली गेली की कोणता घोटाळा होतो, हे मांसासाठी पोसलेल्या गुरांच्या उदाहरणाने दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत अशी गुरे प्रथम कुरणावर वाढतात. कत्तलीपूर्वीचे अखेरचे काही महिने त्यांना ‘फीडलॉट’ या बंदिस्त आवारात ठेवून मुख्यतः मक्यासारखे धान्य चारले जाते. या अवस्थेत खाद्याचा खर्च मोठा असल्याने थोड्या खाद्यात अधिक वजन मिळविणे हे उद्दिष्ट असते. त्यासाठी आंबोणात अत्यल्प प्रमाणात मिसळण्यात येणाऱ्या द्रव्यांना सरसकट वाढवर्धक म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांची कार्ये अगदी भिन्न आहेत.

पहिले उदाहरण मोनेन्सिनचे. गुरांसाठी त्यास अमेरिकेत १९७५ मध्ये मान्यता मिळाली. हे द्रव्य जनावराच्या मांसावर नव्हे, तर कोटीपोटातील जिवाणूंवर कार्य करते. काही जिवाणूंच्या पटलातून ते सोडियम व पोटॅशियम यांचे कण आरपार नेते. त्यामुळे ते जिवाणू दुबळे होतात आणि इतरांचे प्राबल्य वाढते. परिणामी आंबण्याच्या क्रियेत प्रोपिऑनिक आम्ल अधिक व मिथेन वायू कमी निर्माण होतो, म्हणजेच खाद्यातील ऊर्जा वाया कमी जाते. धान्यप्रधान आहारावर जनावर किंचित कमी खाते; वजन मात्र घटत नाही. तेव्हा येथे ‘वाढ’ होते ती मुख्यतः काटकसरीची! हेच द्रव्य घोड्यास अल्प मात्रेतही प्राणघातक असल्याने खाद्य मिसळताना फार दक्षता घ्यावी लागते.

रॅक्टोपामाइन व झिल्पाटेरॉल यांची गोष्ट निराळी. ती जनावराच्या स्नायुपेशींनाच आदेश देतात. प्रथिने वाढतात, चरबी घटते. म्हणून ती केवळ अखेरच्या काही आठवड्यांत देतात: पहिले २८ ते ४२ दिवस, दुसरे २० ते ४० दिवस. २०१३ मध्ये कत्तलखान्यात आलेल्या काही गुरांना चालणे अवघड जात असल्याचे आढळले. झिल्पाटेरॉलशी त्याचा संबंध असावा अशी शंका निघाली आणि उत्पादकाने अमेरिका व कॅनडा येथील विक्री थांबविली.

तिसरा वर्ग क्लोरटेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांचा. ही माणसाच्या उपचारातही लागतात. सतत अल्प मात्रेत दिल्यास त्यांना न जुमानणारे जिवाणू निपजण्याचा धोका असतो. ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्येच हा इशारा दिला होता.

आता कायद्याकडे वळू. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात मिसळण्यास मनाई केली. मोनेन्सिनही त्यात आले. परंतु तेच मोनेन्सिन कोंबड्यांच्या खाद्यात ‘कॉक्सिडियारोधक’ म्हणून चालू राहिले आणि २०१३ मध्ये दुभत्या गाईंच्या एका चयापचयविकारावर ‘पशुऔषध’ म्हणून त्यास अनुमती मिळाली. अमेरिकेने २०१७ च्या आरंभापासून मानवी उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके वाढीसाठी वापरणे बंद केले. मोनेन्सिन माणसास दिले जात नसल्यामुळे ते तेथे या बंदीत आले नाही. उलट एरिथ्रोमायसिनच्या कुळातील टायलोसिन हे धान्यावरील गुरांच्या यकृतातील गळवे टाळण्यासाठी, पशुवैद्याच्या लेखी आदेशाने, आंबोणात देता येते. कारण त्याचे सदर ‘रोगप्रतिबंध’ हे आहे. रॅक्टोपामाइनच्या मांसातील अवशेषांची मर्यादा कोडेक्स आयोगाने २०१२ मध्ये ठरविली, तीही ६९ विरुद्ध ६७ अशा निसटत्या मतांनी.

यावरून कायदा निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. मात्रा, मुदत आणि देखरेख ही हेतूनुसार बदलतात. म्हणून हेतूचे नाव कायद्यास आवश्यकच असते. मात्र जिवाणू नाव वाचत नाहीत. द्रव्य कोणत्या सदराखाली पोटात गेले, याचा त्यांच्या प्रतिकारशक्तीशी संबंध नाही. म्हणून ‘वाढवर्धकांवर बंदी आली’ असे वाक्य वाचनात आले असता अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. द्रव्य कोणते? ते जिवाणूंवर कार्य करते की जनावराच्या देहावर? आणि तेच द्रव्य अन्य नावाने चालू आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या वाक्यातून एका शब्दाचा वापर थांबला एवढेच कळते. द्रव्याचा थांबला की नाही, हे कळत नाही.