पहिली एअरसॉफ्ट गन: खोक्यावरच्या वेगाला भुलू नका

पहिली गन घेताना बहुतेक जण खोक्यावरचा वेग बघतात. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली, तर तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. इथे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गनला कायद्याने १.३ ज्यूलची मर्यादा आहे. तेव्हा वेगात चढाओढीला वाव थोडाच.

खरा फरक पडतो तो ‘हॉप-अप’मुळे. नळीत वरच्या बाजूला असलेला रबराचा उंचवटा गोळीला उलटी फिरकी देतो. मॅग्नस परिणामामुळे तिला वर उचलणारं बल मिळतं आणि ती बरीच लांब सरळ जाते. (क्रिकेटवाल्यांना फिरकी काय समजवायची!) रबर सुमार असेल, तर प्रत्येक गोळीची वाट वेगळी.

जपानच्या टोकियो मारुईने १९९१मध्ये इलेक्ट्रिक गन आणली. पुढे तिच्या गिअरबॉक्सचे साचे इतरांनी उचलले. म्हणून तैवानची जी अँड जी घ्या किंवा चीनची स्वस्त सायमा, सुटे भाग सहज मिळतात. बजेट बेताचं असेल तर मी सायमाच सुचवेन, आणि वाचलेल्या पैशांत आधी चांगला गॉगल, कारण १ ज्यूलसुद्धा डोळ्याला फार होतो.

आणि हो, वय १८ पूर्ण हवं. नोंदणीकृत खेळाडू नसाल, तर दुकानदार गन भडक रंगातलीच देईल.