तोंडावरचा डाग आणि बुडालेला रोज



मी डॉक्टर नव्हे. माझे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या चळवळीत गेले आणि शाळेशी माझा संबंध सातवीपर्यंतच आला. पुढे जे शिकलो ते नगरवाचनालयात, आणि कामगारांच्या पोराबाळांना घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर ताटकळताना. तरीही आजचा विषय मी आग्रहाने मागून घेतला आहे. चेहऱ्यावर जन्मखूण घेऊन आलेल्या मुलांवर ज्या धर्मार्थ शस्त्रक्रिया होतात, त्यांत डॉक्टराचे काम कोठे संपते आणि हिशेबाचे कोठे सुरू होते, हे सांगण्याइतका अनुभव माझ्यापाशी आहे.

प्रथम एक गोष्ट स्वच्छ करून टाकू. असे मूल जन्माला आले की घरात चौकशी सुरू होते ती त्याच्या आईची. ग्रहणात विळीला हात लावलास का, काय चिरलेस, कोणाचे तोंड पाहिलेस? बिचारी बाळंतीण आधीच खचलेली असते. तिच्या बाजूने आता भक्कम पुरावा आहे. द्राक्षाच्या दारूसारखा लालजांभळा डाग ज्याला म्हणतात, त्याचे कारण २०१३ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढले. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या एका जनुकात आपोआप बदल होतो, आणि त्या पेशीपासून निपजलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या फुगलेल्या राहतात. हा बदल आईकडूनही येत नाही आणि बापाकडूनही येत नाही. हजारी सुमारे तीन मुलांना हा डाग असतो. सासूबाईंना एवढे समजले तरी निम्मे व्याख्यान वसूल झाले असे मी समजेन!

पण सगळे डाग एका जातीचे नसतात, आणि खरी गोम येथेच आहे. तांबडा, उठावदार, स्ट्रॉबेरीच्या फळासारखा दिसणारा डाग जन्मानंतर थोड्या आठवड्यांत उगवतो, पहिले काही महिने झपाट्याने वाढतो आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू ओसरत जातो. पुष्कळदा त्याला हात न लावणेच शहाणपणाचे असते. मात्र तो डोळ्यावर, नाकावर किंवा ओठावर असला तर थांबून चालत नाही. त्यावरचा उपाय २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथे योगायोगाने हाती लागला. एका मुलाला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुने, स्वस्त औषध दिले होते, तर त्याचा डागच मावळू लागला. आज अशा डागासाठी हेच औषध प्रथम देतात. अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, कारण त्याने नाडी मंदावते आणि रक्तातली साखर उतरू शकते.

लालजांभळा डाग मात्र ओसरत नाही. मुलाबरोबर तोही वाढतो आणि प्रौढपणी जाड होत जातो. तो कपाळावर किंवा पापणीवर असेल तर मेंदूच्या व डोळ्याच्या तज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे, कारण काही मुलांना त्याबरोबर फेफरे येतात किंवा काचबिंदू होतो. या डागावर सुरी चालवीत नाहीत, लेसरचा पिवळा प्रकाश सोडतात. रक्तातला तांबडा रंग तो प्रकाश शोषून घेतो, तापतो आणि वाहिनीची भिंत आतून भाजून निघते. वरच्या कातडीला त्या वेळी थंड फवारा देतात. आपल्या सावळ्या कातडीतला रंग त्या प्रकाशाचा काही वाटा आधीच पिऊन टाकतो, म्हणून आपल्याकडे बेताबेताने जावे लागते. मध्ये काही आठवडे सोडून पुष्कळ बैठका घ्याव्या लागतात, आणि एवढे करूनही डाग फिका होतो, समूळ जातो असे थोड्यांच्याच बाबतीत घडते.

तिसरा प्रकार काळ्या, केसाळ डागाचा. हा मोठा असेल तर टप्प्याटप्प्याने कापून काढतात. जागा भरायला कातडी पाहिजे, म्हणून शेजारच्या निरोगी कातडीखाली एक फुगा ठेवतात आणि दर आठवड्याला सुईने त्यात थोडे थोडे मिठाचे पाणी भरतात. दोन-अडीच महिन्यांत वरची कातडी ताणून वाढते, मग डाग काढून ती त्या जागी ओढून घेतात. युक्ती मोठी नामी आहे. पण ‘दर आठवड्याला’ हे शब्द लक्षात ठेवा.

आता शिबिरांकडे वळू. मोफत प्लास्टिक सर्जरी म्हटले की महाराष्ट्राला आठवतात ते मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित. अमेरिकेत स्थायिक झालेला हा माणूस १९६८ पासून भारतात येऊन शिबिरे घेऊ लागला. १९७८ साली मोटार अपघाताने अंग अधू झाले, पुढे कर्करोगाने आवाज नेला, तरी चाकाच्या खुर्चीत बसून ते शस्त्रक्रिया करीत राहिले. आपल्याकडे भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरविली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ साली ते वारले. अशा माणसापुढे हात जोडावेत. पण त्यांच्या शिबिरांत प्रामुख्याने काय होत असे, तेही पाहावे. फाटलेले ओठ, झुकलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण. फाटलेला ओठ सुमारे तासाभरात शिवला जातो आणि मूल लवकर घरी जाते. शिबिराच्या मांडवात बसेल असे हे काम आहे. लेसरच्या बैठका आणि फुग्याचे आठवडे त्या मांडवात बसत नाहीत. त्यामुळे दानाचा ओघ ओठाकडे गेला आणि डागाचे मूल रांगेत राहिले. यात कोणाची लबाडी नाही.

आमच्या एका सभासदाच्या मुलीच्या गालावर असा काळा डाग होता. शहरातल्या एका रुग्णालयात फुगा बसविला, तोही फुकट. बाप रात्रपाळीला, म्हणून आई न्यायची. ती कांड्या भरते. एक फेरी म्हणजे एक खाडा, शिवाय दोघींचे गाडीभाडे. चौथ्या आठवड्याला पैसे नव्हते. पाचव्याला मालकाकडून उचल घेऊन ती गेली, तर खिडकीवरच्या इसमाने ‘आज तुमचा वार नाही’ म्हणून परत पाठविले. फुगा अडीच महिन्यांऐवजी चार महिने राहिला. तेवढे दिवस पोर सुजल्या गालाने घरात बसून होती, शाळा बुडाली ती वेगळीच. रुग्णालयाच्या वहीत हा उपचार ‘विनामूल्य’ म्हणूनच नोंदला गेला.

पुण्याच्या मंडळींना एक जुना दाखला देतो. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत होता. टिपूच्या माणसांनी त्याचे नाक कापले. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटभट्टीवाल्या कुंभाराने कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकीकत छापली गेली, आणि ती वाचून पुढे कार्प्यू या इंग्रज सर्जनाने १८१४ मध्ये तसेच नाक केले. कुंभाराच्या कसबाबद्दल सगळेच लिहितात. मला त्यातली निराळी ओळ महत्त्वाची वाटते. कपाळ आणि नाक यांना जोडणारी कातडी सुमारे पंचविसाव्या दिवशी तोडली, असे त्या हकिकतीत आहे. म्हणजे पंचवीस दिवस त्या गाडीवानाच्या पोटाची काहीतरी सोय असलीच पाहिजे. पुढे तो कंपनीचा पेन्शनर होता, अशीही नोंद आहे.

आज सरकारने काय केले आहे? २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात, ही फार चांगली गोष्ट आहे. त्याच्या मूळ यादीत जन्मजात व्यंगांची नऊ नावे आहेत. फाटलेला ओठ व टाळू त्यांत आहे, चेहऱ्यावरची जन्मखूण नाही. विमा कंपन्यांसाठी नियामकाने २०१९ साली एकसारखी केलेली वगळणुकीची कलमे वाचा. रूप बदलणारी शस्त्रक्रिया अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतर चालते; एरवी प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका आहे असे डॉक्टराने लिहून द्यावे लागते. ज्या मुलीला वर्गात कोणी शेजारी बसवून घेत नाही, तिचा धोका या कलमात कोठे लिहायचा? धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत द्याव्यात असाही नियम आपल्या राज्यात आहे. तो जरूर वापरावा. पण त्यात खाट मोजली जाते, एसटीचे तिकीट मोजले जात नाही.

म्हणून शिबिरे भरविणाऱ्या सज्जनांना माझे सांगणे असे, की देणगीतला काही भाग शस्त्रक्रियेवर न घालता पुढच्या तारखांवर घाला. मुलाबरोबर येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज आणि भाडे त्याच दिवशी, रोख, खिडकीवर द्या. नोंदणीच्या कागदावर नाव, वय, वजन हे रकाने असतात. त्यांच्या शेजारी आणखी दोन वाढवा: आईबाप कोणत्या पाळीला असतात, आणि गावी परत जाणारी शेवटची गाडी केव्हाची. आमच्या गावची पावणेसहाला सुटते.