जुनी यंत्रनाव घेण्यापूर्वी

कर्जत आणि खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर असले, तरी पाण्याला पारखे नाहीत. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. तेव्हापासून घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी वीजनिर्मितीनंतर पाताळगंगा व पेज या नद्यांत उतरते. राजनाल्यावरचे उन्हाळी भात याच पाण्यावर पिकते. याशिवाय पळसदरीसारखे तलाव आणि खाजगी शेततळी या भागात आहेत. मत्स्यसंवर्धन, कृषिपर्यटन किंवा पावसाळ्यात वाटा बंद झाल्यावर दळणवळण अशा कारणांनी शेतकऱ्यास किंवा सहकारी संस्थेस नाव घ्यावीशी वाटते. नवे यंत्र महाग पडते. तेव्हा पनवेल, उरण किंवा अलिबागच्या बाजूस वापरलेले यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर तिकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. परंतु पारख न करता घेतलेले यंत्र घरची बचत खाऊन बसते, आणि भर पाण्यात बंद पडले तर जिवावरही बेतते.

म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी नुसत्या रंगावर व शिंगांवर भाळत नाही. तो दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवितो आणि शक्य असेल तर जनावर जुंपून पाहतो. यंत्रनावेची पारखही याच क्रमाने करावयाची असते. आधी नजरेने, मग हाताने, आणि अखेरीस पाण्यात भार घालून.

यंत्राची गरज आहे काय?

आउटबोर्ड यंत्र म्हणजे नावेच्या मागील फळीवर बाहेरून अडकविलेले इंजिन होय. इंजिन, उभा दांडा, गिअर व पंखा हे सर्व त्यात एकत्र असते. ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली अशा यंत्रांची विक्री सुरू केली आणि पुढे ती जगभर पसरली. साध्या दोनघाती पेट्रोल यंत्रास पूर्ण वेगात दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे अर्धा लिटर इंधन लागते. म्हणजे दहा अश्वशक्तीचे यंत्र तासाभरात पाच लिटरच्या आसपास इंधन घेते. लहान तलावात जाळे लावण्यास अगर माशांना खाद्य टाकण्यास वल्ह्यांची होडी पुरते. यंत्राने मिळणारा जादा लाभ इंधनखर्चाहून अधिक आहे काय, हा हिशेब आधी मांडावा. तसेच पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांवर यंत्रनावेस निर्बंध असू शकतात. म्हणून पाण्याची मालकी ज्या खात्याकडे अगर संस्थेकडे असेल तिची लेखी परवानगी प्रथम मिळवावी.

खाऱ्या पाण्याच्या खुणा

हे यंत्र बाहेरचेच पाणी आत ओढून स्वतःस थंड ठेवते. खाडीत वापरलेल्या यंत्रातून खारे पाणी फिरलेले असते. प्रत्येक वापरानंतर ते गोड्या पाण्याने धुतले नसेल, तर आतील अरुंद मार्गांत मिठाचे थर बसतात आणि धातू झिजतो. यंत्राचे वरचे झाकण काढून स्क्रूंच्या कडा, तारांची टोके व जोड यांवर पांढरी अगर हिरवी भुकटी आहे काय ते पाहावे. गंज रोखण्यासाठी बसविलेला जस्ताचा तुकडा पूर्ण झिजला असेल, तर मालकाने निगा राखली नाही असे समजावे. जुन्या यंत्राला नुकताच रंग दिलेला असेल तर तो कशावर दिला आहे हे विचारावे. स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर यंत्र वारंवार उघडले गेले आहे.

थंड यंत्र सुरू करून पाहावे

पाहणीस जाताना यंत्र थंड ठेवण्यास सांगावे, आणि पोचल्यावर झाकणावर हात ठेवून खात्री करावी. गरम यंत्र सहज सुरू होते. थंड यंत्रच आपले खरे दुखणे दाखविते. पाण्याबाहेर ते कधीही चालवू नये, कारण पंपातील रबरी चाक कोरडे फिरल्यास अल्पावधीतच नष्ट होते.

यंत्र सुरू होताच त्याच्या बाजूच्या लहान भोकातून पाण्याची धार बाहेर पडली पाहिजे. ही धार सतत व जोरकस असावी. धार नसेल किंवा थेंबथेंब पडत असेल, तर पंप झिजला आहे किंवा मार्ग तुंबला आहे. केवळ पंपाचे चाक बदलावे लागणे ही किरकोळ दुरुस्ती आहे; परंतु यंत्र तापून पिस्टन अडकलेला असेल तर ती मोठी हानी होय.

यानंतर कारागिराकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा कमीअधिक असण्यापेक्षा दोन सिलिंडरांतील फरक महत्त्वाचा असतो. तो एकदशांशाहून बराच अधिक असेल तर व्यवहार थांबवावा. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग सारखा आहे काय तेही पाहावे.

गिअर आणि पंखा

यंत्राच्या खालच्या भागातील गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. तेल दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे. धातूचा चुरा सापडला तर दाते झिजले आहेत. मासेमारीत वापरलेल्या यंत्रात जाळ्याचा दोरा पंख्यामागील दांड्याला गुंडाळून तेथील रबरी कडे कापतो, आणि पाणी आत जाण्यास वाट मिळते. म्हणून पंखा काढून ती जागा पाहिल्याशिवाय राहू नये. पंखा हाताने फिरविताना दांडा डगमगत असेल, तर तो खडकावर आदळून वाकला आहे.

नावेची मागील फळी

यंत्राचा सर्व भार व जोर नावेच्या मागील फळीवर येतो. काचतंतूच्या नावेत वरून चकचकीत दिसणाऱ्या थराखाली बहुधा लाकूड असते, आणि स्क्रूंच्या भोकांतून पाणी मुरून ते कुजते. लाकडी मुठीने ठोकत जावे. खणखणीत आवाज येत असता मध्येच बद्द आवाज आला, तर तेथे कूज आहे. यंत्राच्या दांड्याची लांबीही फळीस जुळली पाहिजे. आखूड दांडा सुमारे १५ इंची व लांब दांडा सुमारे २० इंची फळीसाठी असतो. आखूड दांडा उंच फळीवर लावला तर पंखा हवा घेतो व यंत्र नुसतेच ओरडते.

भार घालून चाचणी

पिंपात यंत्र चालवून दाखविले म्हणजे चाचणी झाली असे मानू नये. जितकी माणसे व सामान नेहमी न्यावयाचे तितका भार घेऊन, निदान अर्धा तास, प्रत्यक्ष पाण्यात नाव चालवावी. पुढे, मागे व मोकळा असे तिन्ही गिअर नीट पडतात काय, पूर्ण वेगात यंत्र अडखळते काय, बंद करून गरम असतानाच पुन्हा सुरू होते काय, हे पाहावे. चालकाच्या मनगटास अडकवावयाची दोरी ओढताच यंत्र बंद पडले पाहिजे. ही दोरी नसेल तर ती बसविल्याखेरीज नाव पाण्यात घालू नये.

कागदपत्रे व किंमत

अंतर्देशीय जलयानांसंबंधी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. त्यात यंत्रचलित जलयानांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद आहे. विक्रेत्याकडे नोंदणीचा दाखला मागावा, यंत्रावरील क्रमांक पावतीशी ताडून पाहावा आणि मालकी आपल्या नावे करून घेतल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. सुटे भाग मिळतात काय याची चौकशीही सौद्याआधी करावी. एव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन २०२० साली बंद झाले. यंत्र चांगले असले तरी अशा वेळी भागांचा प्रश्न उभा राहतो. नव्या यंत्राची किंमत एका बाजूस आणि जुन्याची किंमत, दुरुस्ती, वाहतूक व नोंदणी यांची बेरीज दुसऱ्या बाजूस मांडावी. फरक थोडा असेल तर नवे घेणेच शहाणपणाचे ठरते.

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करण्यात आली आणि त्यासाठी बचावपथकांनी नावा आणल्या. अशा प्रसंगी यंत्राने दगा दिला तर दुसरी संधी मिळत नाही. पूर आलेल्या नदीत प्रशिक्षण नसलेल्याने नाव घालूच नये. शांत पाण्यातही प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट आणि नावेत वल्ह्यांची जोडी असलीच पाहिजे. संस्थेसाठी नाव घेताना पाहणीला एक जाणता कारागीर व दोन सभासद पाठवावेत आणि त्यांचा अहवाल सभेत वाचून मगच पैसे मोजावेत. कारागिराची मजुरी जड वाटली, तरी बिघडलेल्या यंत्राच्या किमतीपुढे ती अल्पच असते.