दहाचा पाना आहे का?

पुण्यात बाइक बंद पडली की आपण काय करतो? हेल्मेट काढतो, मोबाइल काढतो आणि नशिबाला शिव्या देत गाडी ढकलायला लागतो. फार तर दोन सिग्नल! तिसऱ्याच्या आत कुठलं तरी गॅरेज भेटतंच. आता तीच बाइक आलापल्ली-भामरागड रस्त्यावर उभी करून बघा. सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मोबाइलची रेंज तिच्या मूडप्रमाणे, आणि संध्याकाळचे पाच वाजलेत. तुमच्या साइड पॅनलच्या आत दहाचा पाना आहे का?

फ्रीलान्सिंगच्या निमित्तानं मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बाइकवरच भटकते. दुसरा इलाजही नाही. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे, आणि रेल्वे म्हणाल तर वर्षानुवर्षं वडसा या एकाच स्टेशनावर जिल्ह्याची भिस्त राहिली. आतल्या गावांत एसटी दिवसातून मोजक्या वेळा येते. मग शिक्षक, आरोग्यसेविका, वनरक्षक, किराणा आणणारा दुकानदार, सगळ्यांचं घोडं म्हणजे शंभर सीसीची बाइक. शहरात 'डीआयवाय बाइक मेंटेनन्स' हा संडे मॉर्निंगचा टाइमपास असतो. चकचकीत प्लॅस्टिकच्या पेटीतले ४६ गोट्यांचे सेट, एक फोटो, पंचवीस लाइक्स. इथं मात्र टूलकिटचा हिशेब अंधार पडायच्या आत घरी पोहोचण्याशी बांधलेला आहे.

अंधाराचं प्रकरण साधं नाही. ताडोब्यात सफारीला दुचाकी चालतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वाघ काही ताडोब्याची हद्द वाचून चालत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत अभयारण्याबाहेरही वाघ आहेत आणि तिथून जाणारे रस्ते आपल्या रोजच्या वापरातले आहेत. भरीला २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूनं आलेले रानटी हत्ती गडचिरोलीत मुक्कामाला आहेत. चालत्या बाइकवरचा माणूस आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून चेनशी झटापट करणारा माणूस, यात जनावराच्या लेखी बराच फरक आहे. उगाच घाबरवत नाहीये. इथली माणसं काही भीतीनं घरात बसून राहत नाहीत. ती फक्त वेळ पाळतात, आणि वेळ पाळायची तर गाडीनं साथ द्यायला हवी.

मूलमधल्या एका मिस्त्रीकाकांनी मला या विषयाचा फंडा एका वाक्यात क्लिअर करून दिला. "ताई, पेटी पाहून पाने नोका घेऊ, गाडी पाहून घ्या." त्यांची पद्धत भारी आहे. एका संध्याकाळी गाडी डबल स्टँडवर लावायची, वही-पेन घ्यायचं आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक चक्कर मारायची. जो नट तुम्हाला कधी ना कधी उघडावा लागणार, त्याच्यावर पाना बसवून बघायचा आणि नंबर लिहायचा. ब्रेकची ॲडजस्टमेंट, बॅटरीची टर्मिनल्स, आरसे, साइड पॅनल, ऑइलचा ड्रेन बोल्ट, दोन्ही ॲक्सल. अर्ध्या तासात यादी तयार. बहुतेक गाड्यांत ८, १०, १२, १४ आणि १७ हे आकडे पुन्हा पुन्हा येतात, आणि मागच्या ॲक्सलला त्याहून मोठा लागू शकतो. दुकानात जाताना ही वही हातात असली की विकणाऱ्याचं फार काही चालत नाही.

पाने घेताना

बाजारात 'फिक्स' पान्यांचा सेट सहज मिळतो. ६-७ पासून २०-२२ पर्यंत, आठ नग. तो घ्याच, पण नेहमीच्या नंबरांचे रिंग पाने वेगळे घ्या. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपऱ्यांना वेढा घालतो. जाम झालेला नट फिक्स पान्यानं ओढला की कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. गोल झालेला नट जंगलात काय, घरीसुद्धा डोकं खातो. ॲडजस्टेबल पाना बघायला स्मार्ट दिसतो, सगळ्या नंबरांना चालेल असं वाटतं, पण त्याचा जबडा सैल पडत जातो. इमर्जन्सीला ठीक, रोजच्याला नको. ब्रँडचं म्हणाल तर फॉरेनच्या मागे धावायचं कारण नाही. आपल्या नाशिकच्या सातपूरमध्ये टपारियाचा कारखाना आहे आणि गावोगावच्या मिस्त्रींच्या हातात तेच पाने दिसतात. सगळा मिळून खर्च एका वीकेंडच्या सिनेमा-डिनरएवढा होतो.

प्लग पाना बहुधा गाडीबरोबर येतो. आलाय का, ते सीट किंवा साइड पॅनल उघडून आजच बघा. सेकंडहँड गाडी असेल तर तो हमखास गायब! पेचकसाच्या बाबतीत एक गंमत आहे. जपानी वळणाच्या गाड्यांवरचे 'प्लस' स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखेच असतात, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. साधा पेचकस जोर लावला की वर उसळतो आणि खाच खाऊन टाकतो. टोक नीट बुडापर्यंत बसतंय का, हे गाडीवरच लावून बघायचं. बसत नसेल तर जपानी मापाचा मागायचा.

पक्कड, नोज प्लायर, ॲलन कीचा सेट, हवा मोजायचं गेज आणि पायानं मारायचा पंप. टॉर्क रेंच असेल तर उत्तमच. नसेल तर ड्रेन बोल्ट आवळताना लांब पाना वापरू नका आणि पायानं तर अजिबात दाबू नका. इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं, आटे एकदा गेले की मामला खर्चिक होतो.

धूळ, पाऊस, चेन

खरं तर घरच्या किटचं काम हे, की रस्त्यावरचं किट उघडायची वेळच येऊ नये. म्हणूनच मॅन्युअलमधले किलोमीटर वाचून इथं भागत नाही. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि गडचांदूरकडे सिमेंट. ट्रकच्या मागे अर्धा तास गाडी चालवली की शर्टाची कॉलर सांगते, एअर फिल्टरचं काय झालं असेल ते. एटापल्लीच्या दिशेला सूरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ. फिल्टर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरातच उघडून बघा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, झटकायचा किंवा बदलायचा. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन बसवायचा.

चेन मात्र शिकून घ्याच, कारण सगळ्यात जास्त दगा तीच देते. दोन स्प्रॉकेटच्या मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. साधारण २० ते ३० मिलिमीटरची ढील चालते, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा, चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. ॲडजस्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच आकड्यावर हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. ऑइलसाठी इथं गिअर ऑइल ९० चालतं, महागड्या स्प्रेवाचून काही अडत नाही. पण पावसाळ्यात एखादा रपटा पाण्यातून ओलांडला की तेल धुऊन निघालंच समजा. घरी आल्यावर पुसून पुन्हा लावायचं. ओ-रिंगवाली चेन असेल तर पेट्रोलनं धुऊ नका.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आपण वाचल्यात. तरीही कधी पाणी एअर फिल्टरपर्यंत गेलं आणि इंजिन बंद पडलं, तर सेल्फ मारत बसू नका. पाणी दाबलं जात नाही. जोर केला की आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, मग किक मारून पाणी बाहेर येऊ द्या, फिल्टर पिळा, ऑइल दुधाळ झालंय का बघा. दुधाळ असेल तर गाडी टेम्पोत. म्हणून प्लग पाना घरी नाही, गाडीवरच हवा.

गाडीवर काय?

गाडीवरची पिशवी छोटीच ठेवा. वहीतल्या यादीतले चार पाने, प्लग पाना, एक जादा प्लग, पेचकस, पक्कड. चेन लॉक एक जादा. त्याची क्लिप बसवताना बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं, उलटं बसवलं तर क्लिप उडून जाते. दोन-तीन जादा फ्यूज, इन्सुलेशन टेप, हातभर बाइंडिंग तार. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जादा केबल्स जुन्या केबलशेजारूनच नेऊन टेपनं बांधून ठेवायची युक्ती इथल्या बऱ्याच गाड्यांवर दिसते. तुटली की फक्त टोकं बदलायची. मला तर ही आयडिया जाम आवडते. आणि टॉर्च डोक्याला बांधायची घ्या. मोबाइलचा टॉर्च दातात धरून पाना फिरवता येत नाही.

बीएस-६ नियम एप्रिल २०२० मध्ये आले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर बहुतेक गेलाच. इंजेक्शनच्या गाडीला घरी फार हात लावता येत नाही, पण काही गोष्टी ऐकता येतात. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येतो का? येत नसेल तर आधी फ्यूज बघा. या गाड्यांना बॅटरीचं कौतुक जास्त, म्हणून घरच्या किटमध्ये एक स्वस्तातला मल्टिमीटर ठेवा. गाडी बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. आकडा सतत खाली असेल तर भामरागडचा प्लॅन पुढे ढकला.

ऑइल घरी बदलणार असाल तर एक रिकामा कॅन आणि पसरट टोपलं लागतं. काढलेलं काळं तेल बांधावर किंवा नालीत ओतू नका. इथल्या प्रत्येक गावाला बोडी नाहीतर तलाव असतो आणि नालीचं पाणी शेवटी तिकडेच जातं. कॅन भरला की गॅरेजमध्ये नेऊन द्या.

पान्यांच्या खडखडाटावर जुन्या जीन्सचा कापलेला पाय हा बेस्ट उपाय. आत पाने गुंडाळायचे, दोरीनं बांधायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी. पावसाळ्याआधी ते एकदा उघडून तेलाच्या फडक्यानं पुसून घ्या. पंक्चरचं सामानही तेव्हाच तपासा. ट्यूबवाल्या टायरला लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, ट्यूबलेसला स्ट्रिप आणि सुया. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की बाहेरून भरलेली दिसते, पण आत वाळून जाते. दरवर्षी जूनच्या आधी नवी घ्यायची.