घाम फुटेपर्यंत थांबायचं

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक कारागीर काळ्या चष्म्याआडून व्हॉल्व्हच्या चकतीकडे एकटक पाहतो आहे. शेजारी साखळीने बांधलेले दोन सिलिंडर आहेत: काळा ऑक्सिजनचा, मरून ॲसिटिलीनचा. पोलादी चकतीच्या कडेवर त्याला स्टेलाइट या कठीण मिश्रधातूचा थर चढवायचा आहे. हाताखालचा मुलगा रॉड पुढे करतो.

"थांब रे, अजून घाम नाही आला."

कामाचं मर्म या घामातच आहे. नेहमीच्या वेल्डिंगमध्ये दोन्ही धातू वितळून एक होतात. इथे तसं झालं तर मेहनत वाया जाते, कारण पोलादातलं लोखंड मिसळलं की वरचा थर मऊ पडतो. म्हणून ज्योतीत ॲसिटिलीन मुद्दाम जास्त सोडतात. आतल्या शुभ्र शंकूभोवती पिसासारखी फिकट ज्योत दिसते. ती शंकूच्या तिप्पट लांब झाली की नॉब तिथेच ठेवायचा. या ज्योतीतला कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात शिरतो, तेवढ्याच पापुद्र्याचा वितळणबिंदू खाली येतो आणि तो ओलसर चकाकू लागतो. आतलं पोलाद मात्र घट्टच असतं. नेमक्या त्या वेळी रॉड टेकवला की थेंब तव्यावरच्या तेलासारखा पसरतो.

स्टेलाइट 6 या प्रचलित प्रकारात साधारण 28 टक्के क्रोमियम, चार-पाच टक्के टंगस्टन, एक टक्क्याहून किंचित जास्त कार्बन असतो आणि बाकी बहुतेक कोबाल्ट. क्रोमियम-कार्बनचे कठीण कण कोबाल्टमध्ये रुतून बसतात. अमेरिकेतल्या कोकोमो गावच्या एलवुड हेन्स यांनी 1907 साली कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचं पेटंट मिळवलं. त्याची चकाकी पाहून त्यांनी 'तारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव ठेवलं. तापल्यावरही कठीणपणा न सोडणं हा या धातूचा मोठा गुण. औष्णिक वीज केंद्रांत 540 अंशांच्या आसपासची वाफ अडवणाऱ्या व्हॉल्व्हना तोच हवा असतो.

शेडमधला पंखा धूर बाहेर खेचतो आहे. कोबाल्ट आणि क्रोमियम फुप्फुसांना घातक, म्हणून मास्क उतरत नाही.

थर पूर्ण होताच चकती कोरड्या राखेत पुरली जाते. पोलाद आणि स्टेलाइट थंड होताना सारखे आकसत नाहीत. घाईने निवले तर कठीण थर तडकतो. दुसऱ्या दिवशी ती बाहेर निघते. तडे शोधणाऱ्या डीपी टेस्टचा लाल रंग लावून पुसला जातो, वर पांढरा डेव्हलपर फवारला जातो. पांढऱ्यावर लाल रेघ उमटत नाही.

मग ग्राइंडिंग. स्टेलाइटच्या ठिणग्या थोड्या, आखूड, मंद नारिंगी. पोलादाची लखलखीत फुलबाजी उडाली, तर चाक थर ओलांडून खाली पोहोचलं असं समजायचं. मुलगा वाकून ठिणग्यांवर नजर ठेवतो. अजून त्या आखूडच आहेत.